अंधारात निरुपद्रवी, उजेडात जीवघेणं: प्रकाशाने जागं होणारं औषध कर्करोगाच्या पेशीत काय करतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: प्रकाश टाकल्यावरच काम करणारी औषधं कर्करोगाच्या पेशीला आतून नेमकं काय करतात, निरोगी पेशी त्यातून कशा वाचतात, आणि हे जमत असेल तर सगळ्याच कर्करोगांवर का वापरत नाहीत? मी प्रयोगशाळेत पेशींवर काम करते, रुग्ण तपासत नाही. त्यामुळे पहिल्या भागावर जास्त रेंगाळणार आहे. तसंही बाकीच्या दोन भागांची उत्तरं बरीचशी त्याच्याच पोटात आहेत.

एक गैरसमज आधी बाजूला करू. या उपचारात, म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपीत (पुढे नुसतं पीडीटी म्हणते), पेशीला औषध मारत नाही आणि प्रकाशही मारत नाही. लाल प्रकाश एकटा पेशीवर तासभर टाकला तरी तिला काही होत नाही. योग्य मात्रेतलं औषध अंधारात दिवसभर पेशीत पडून राहिलं तरी ती वाढत राहते. मारतो तो ऑक्सिजन. औषध फक्त प्रकाशाची ऊर्जा उचलून ऑक्सिजनच्या हाती देतं. औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन यांपैकी एक जरी नसेल तरी काहीच घडत नाही. या उपचाराचे सगळे गुण आणि सगळ्या अडचणी याच एका गोष्टीतून निघतात.

औषधाचा रेणू बहुतेक वेळा पॉर्फिरिन किंवा क्लोरिनच्या (क्लोरीन वायू नव्हे) घराण्यातला असतो, म्हणजे रक्ताला लाल रंग देणारं हीम आणि हरितद्रव्य यांचा नातेवाईक. तो प्रकाशकण शोषतो आणि उत्तेजित होतो. ही पहिली अवस्था काही नॅनोसेकंदच टिकते. त्यात तो चमकून ऊर्जा टाकून देऊ शकतो. पण चांगल्या औषधाचे पुष्कळसे रेणू चमकण्याऐवजी ट्रिपलेट नावाच्या दुसऱ्या अवस्थेत उतरतात आणि तिथे कितीतरी पट जास्त वेळ रेंगाळतात. आपण श्वासात घेतो तो साधा ऑक्सिजन मुळात ट्रिपलेट अवस्थेतच असतो, म्हणून या दोघांत ऊर्जेची देवाणघेवाण सहज होते. ऊर्जा घेतलेला ऑक्सिजन म्हणजे सिंगलेट ऑक्सिजन. औषधाचा रेणू मात्र पूर्ववत होतो आणि पुढचा प्रकाशकण घ्यायला मोकळा होतो. एकच रेणू हे पुन्हा पुन्हा करतो आणि शेवटी स्वतःच विटून निकामी होतो. सिंगलेट ऑक्सिजन तयार व्हायला मोलमागे सुमारे ९४ किलोजूल ऊर्जा लागते. साधारण ८५० नॅनोमीटरच्या पलीकडच्या अवरक्त प्रकाशाच्या कणात एवढी ऊर्जा पुरत नाही, म्हणून हव्या तितक्या खोल जाणाऱ्या तरंगलांबीचं औषध बनवता येत नाही. काही औषधं ऑक्सिजनला ऊर्जेऐवजी इलेक्ट्रॉन देऊन सुपरऑक्साइडसारखे मूलक, म्हणजे फार चंचल रेणू, तयार करतात. तो रस्ताही महत्त्वाचा आहे, पण सध्या वापरात असलेल्या बहुतेक औषधांचा भर सिंगलेटवरच असतो.

सिंगलेट ऑक्सिजन पेशीत फार तर काही मायक्रोसेकंद जगतो. तेवढ्यात तो जिथे जन्मला तिथून जेमतेम शंभर नॅनोमीटर जातो, बऱ्याचदा त्याहून कमी. पेशी शंभर मीटरचं मैदान मानली तर त्याची धाव एका मीटरच्याही आत संपते. म्हणजे औषध पेशीत किती गेलं याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, ते पेशीत कुठे बसलंय याला महत्त्व आहे. नवीन संशोधनाबद्दल वाचताना हा तपशील मी सगळ्यात आधी शोधते. तो दिलेला नसेल तर बाकीचे आकडे कितीही देखणे असले तरी फारसे उपयोगाचे नसतात.

औषध मायटोकॉन्ड्रियावर, म्हणजे पेशीच्या ऊर्जाकेंद्रांवर, बसलं असेल तर मायटोकॉन्ड्रियाच्या पटलातली (पातळ आवरणातली) असंतृप्त स्निग्धाम्लं आणि प्रथिनांतली हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन, मिथिओनिन, सिस्टीन ही अमिनो आम्लं भराभर ऑक्सिडाइझ होतात. पटलाच्या आरपारचा विद्युतदाब कोसळतो. आतलं सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर सांडतं. त्याने कॅस्पेस नावाची एन्झाइम्स जागी होतात आणि पेशी स्वतःला शिस्तीत मोडायला घेते, हा अपॉप्टोसिस. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की मायटोकॉन्ड्रिया आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम (पेशीतलं प्रथिनं घडवणारं जाळं) यांवर बसणारी अनेक औषधं बीसीएल-२ हे प्रथिन थेट निकामी करतात. कर्करोगाच्या पुष्कळशा पेशी याच प्रथिनाच्या जोरावर मरण टाळत असतात. त्याचा विरोधक बॅक्स मात्र शाबूत राहतो, त्यामुळे तराजू आपोआप मरणाकडे झुकतो. केमोला दाद न देणाऱ्या पेशीही बऱ्याचदा पीडीटीने मरतात, त्यामागचं हे एक कारण.

पाण्यात सहज विरघळणारी, विद्युतभारित औषधं पेशीत गिळली जाऊन लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनाच्या पिशव्यांत, साठतात. प्रकाश पडला की लायसोसोमची भिंत फाटते, आतली कॅथेप्सिन नावाची पाचक एन्झाइम्स बाहेर येतात, ती बिड हे प्रथिन कापतात आणि कापलेलं बिड जाऊन मायटोकॉन्ड्रियाला चेतवतं. रस्ता लांबचा, शेवट तोच. औषध पेशीच्या बाहेरच्या पटलात अडकलेलं असेल, किंवा प्रकाश आणि औषध यांची मात्रा फार जास्त असेल, तर मात्र शिस्त राहत नाही. पेशी फुगते आणि फुटते. गंमत म्हणजे मात्रा अति झाली की कॅस्पेसच ऑक्सिडाइझ होऊन बंद पडतात, त्यामुळे पेशीला नीटनेटकं मरायचं असलं तरी मरता येत नाही. उलट मात्रा कमी पडली तर पेशी ऑटोफॅजी करून आपलेच बिघडलेले भाग गिळते आणि सावरते. अशा वाचलेल्या पेशी नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारं व्हीईजीएफ जास्त बनवू लागतात. अर्धवट पीडीटी म्हणूनच वाईट.

हे सगळं सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासारखं असतं. मंद उजेडात प्लेट फॉइलमधून बाहेर काढायची, औषध असलेलं माध्यम धुऊन टाकायचं आणि ठरावीक मात्रेचा लाल प्रकाश द्यायचा. पटल फोडणारं औषध असेल तर काही मिनिटांतच पेशीच्या कडेवर बुडबुड्यांसारखे फुगवटे येऊ लागतात. मायटोकॉन्ड्रियावरचं औषध असेल तर आधी बाहेरून काहीच दिसत नाही. फक्त मायटोकॉन्ड्रियाला रंगवणाऱ्या रंगाची चमक विझत जाते. मग पायांनी तळाला घट्ट धरून पसरलेली पेशी हळूहळू पाय सोडते, गोल होते आणि तिच्या केंद्रकातला मजकूर गोळ्यागोळ्यांत आकसतो. शेजारच्याच खान्यात तेवढंच औषध घेतलेल्या पण फॉइलने झाकलेल्या पेशी निवांत विभागत असतात. हा झाकलेला खाना, ज्याला आम्ही डार्क कंट्रोल म्हणतो, नसेल तर प्रयोगाला अर्थ नाही. झाकलेल्या पेशीही मरत असतील तर तुमच्याकडे प्रकाशाने जागं होणारं औषध नाही, साधं विष आहे.

खरं तर या शाखेचा जन्मच अशा कंट्रोलच्या गोंधळातून झाला. म्युनिकमध्ये हेर्मान फॉन टापायनर यांचा विद्यार्थी ऑस्कर राब अ‍ॅक्रिडिन या रंगाचा पॅरामिशियम या एकपेशीय जीवावर काय परिणाम होतो ते तपासत होता. रंगाची मात्रा तीच, पण जीव कधी लवकर मरत, कधी उशिरा. फरक निघाला खोलीतल्या उजेडाचा. हे १९०० मध्ये प्रसिद्ध झालं. टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला ऑक्सिजन लागतो हे दाखवलं आणि १९०३ मध्ये त्वचेच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून प्रकाश देऊनही पाहिला. पुढे विषय दशकानुदशकं मागे पडला. तो खऱ्या अर्थाने दवाखान्यात आणला अमेरिकेतल्या बफेलो इथल्या रॉजवेल पार्क संस्थेच्या थॉमस डॉगर्टी यांनी. १९७८ मध्ये त्यांनी २५ रुग्णांच्या ११३ गाठींचा अहवाल दिला, त्यांतल्या १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या होत्या. त्याच वाटेवरच्या फोटोफ्रिन या औषधाला कॅनडात १९९३ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि अमेरिकेत १९९५ मध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता मिळाली.

पीडीटीत केंद्रकाचा उल्लेख क्वचित येतो, त्यालाही कारण आहे. ही औषधं सहसा केंद्रकात शिरत नाहीत, आणि सिंगलेट ऑक्सिजनची धाव इतकी आखूड असल्याने डीएनएला फारसा धक्का लागत नाही. त्यामुळे त्याच जागी हा उपचार पुन्हा देता येतो. किरणोपचारासारखी आयुष्यभराच्या मात्रेची मर्यादा इथे येत नाही. सोरालेन हे औषध मात्र वेगळं प्रकरण. तेही प्रकाशानेच जागं होतं, पण अतिनील-अ किरणांनी, आणि ते डीएनएचे दोन धागे एकमेकांना शिवून टाकतं. त्याला ऑक्सिजनची गरज नाही. त्वचेच्या टी-पेशींच्या लिम्फोमात, म्हणजे पांढऱ्या पेशींच्या एका कर्करोगात, रुग्णाच्या पांढऱ्या पेशी शरीराबाहेर काढून, त्यांना सोरालेन आणि प्रकाश देऊन परत सोडण्याची पद्धत अमेरिकेत १९८८ मध्ये मान्य झाली आणि आजही वापरात आहे. दोन्हींना सरसकट प्रकाशऔषध म्हटलं जातं, पण पेशीच्या दृष्टीने ती दोन निराळी मरणं आहेत.

आता निरोगी पेशी का वाचतात. औषध फक्त कर्करोगाच्या पेशींतच जातं, असं जाहिरातवजा लेखांत असतं. ते अर्धसत्य आहे. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात, लसीकेचा निचरा नीट होत नसतो, आणि भराभर वाढणाऱ्या पेशी कोलेस्टेरॉलचे कण जास्त ओढून घेतात, त्यांच्याबरोबर चिकटलेलं औषधही आत येतं. त्यामुळे गाठीत औषध जास्त साठतं खरं, पण त्वचेत, यकृतात, प्लीहेतही ते असतंच. मुख्य निवड करतो तो प्रकाश. तो जिथे पाडाल तिथेच काम होतं.

निवडकपणाचं सगळ्यात देखणं उदाहरण म्हणजे अमिनोलेव्ह्युलिनिक आम्ल. हे स्वतः प्रकाशाला दाद देतच नाही. ते हीम बनवण्याच्या साखळीतला एक कच्चा माल आहे. पेशी एरवी या साखळीच्या पहिल्या पायरीवर कडक पहारा ठेवते. आपण बाहेरून पुढचा माल पुरवला की तो पहारा निरुपयोगी होतो आणि साखळी धावत सुटते. शेवटून दुसरा टप्पा प्रोटोपॉर्फिरिन-९, आणि त्यात लोह बसवणारं एन्झाइम फेरोकेलाटेज. कर्करोगाच्या अनेक पेशींत हे एन्झाइम मंद असतं, त्यामुळे प्रोटोपॉर्फिरिन तुंबतं. आणि हे तुंबलेलं द्रव्य हेच औषध. म्हणजे पेशी आपल्याच कारखान्यात आपला मारेकरी बनवते. निळा प्रकाश टाकला की ते लालसर गुलाबी चमकतं, म्हणून मेंदूतल्या ग्लायोमा या गाठीची शस्त्रक्रिया करताना गाठीची कड ओळखायलाही हेच आम्ल वापरतात. रुग्णाला ते भूल देण्याआधी काही तास प्यायला देतात. युरोपात याला २००७ मध्ये आणि अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. पण काही पेशींच्या पटलावर एबीसीजी-२ नावाचा पंप असतो. तो प्रोटोपॉर्फिरिन बाहेर फेकतो, आणि मग चमकही कमी होते नि परिणामही.

इथपर्यंत मी एकेकट्या पेशीबद्दल बोलले. शरीरातली गाठ मात्र डिशमधल्या पेशींसारखी वागत नाही. १९८५ मधला उंदरांवरचा एक प्रयोग मी नव्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगते. पीडीटी दिल्याबरोबर गाठ काढून तिच्यातल्या पेशी डिशमध्ये लावल्या तर त्या मजेत वाढल्या. तीच गाठ काही तास उंदराच्या अंगात राहू दिली, तर जिवंत पेशी झपाट्याने कमी होत गेल्या. म्हणजे प्रकाशाने थेट मेलेल्या पेशी थोड्याच होत्या. बाकीच्या मेल्या त्या रक्तपुरवठा तुटल्याने. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा झाली, गुठळ्या झाल्या, वाहिन्या आवळल्या आणि गाठ उपाशी पडली. पॅडेलिपॉर्फिन हे औषध तर याच तत्त्वावर बेतलेलं आहे. ते रक्तातून फारसं बाहेर पडतच नाही. शिरेतून १० मिनिटांत देतात आणि लगेच ७५३ नॅनोमीटरचा प्रकाश प्रोस्टेटमध्ये घातलेल्या, प्रकाश वाहून नेणाऱ्या तंतूंतून सोडतात. युरोपात २०१७ मध्ये कमी जोखमीच्या प्रोस्टेट कर्करोगासाठी ते मान्य झालं, पण २०२० मध्ये अमेरिकेतल्या सल्लागार समितीने त्याच्या विरोधात मत दिलं.

तिसरा घाव प्रतिकारशक्तीचा. पीडीटीने मरणारी पेशी गुपचूप मरत नाही. तिच्या पृष्ठभागावर कॅलरेटिक्युलिन येतं, एटीपी आणि एचएमजीबी-१ बाहेर पडतात, या धोक्याच्या खुणा असतात, आणि त्या ओळखून पांढऱ्या पेशी तिथे धाव घेतात. ज्या उंदरांत लिम्फोसाइट (प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी) नसतात त्यांच्या गाठी पीडीटीने आधी विरतात, पण नंतर परत उगवतात. सुदृढ उंदरांत त्या बऱ्या होतात. माणसांत हा परिणाम दूरच्या गाठींपर्यंत पोहोचवण्याची आशा अनेकांना आहे. माझं मत विचाराल तर उंदरांतल्या निकालांवरून एवढी मोठी आशा बांधू नये.

मग सगळीकडे हेच का नाही? पहिली अडचण खोलीची. रक्तातलं हिमोग्लोबिन प्रकाश गिळतं. ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश ऊतीत काही मिलिमीटरच उपयोगी राहतो. ७०० च्या पुढे गेलं की थोडा जास्त खोल जातो. म्हणून हा उपचार त्वचा, तोंड, अन्ननलिका, श्वासनलिका अशा, प्रकाश पोहोचवता येईल अशा जागांचा. दुर्बिणीतून किंवा सुईतून तंतू घालून आतही जाता येतं. पण अंगभर पसरलेल्या कर्करोगावर हे उत्तर नाही. जिथे गाठ कुठे आहे हेच नक्की ठाऊक नाही, तिथे प्रकाश पाडणार कुठे?

दुसरी अडचण परत ऑक्सिजनची. गाठीच्या आतल्या भागात तो आधीच कमी, काही ठिकाणी एक टक्क्याच्याही खाली. त्यात प्रकाश फार तीव्र दिला तर आहे तो ऑक्सिजन रक्त आणून देण्याआधीच संपतो आणि पुढचा प्रकाश वाया जातो. म्हणून तीच एकूण मात्रा मंद प्रकाशात जास्त वेळ दिली, किंवा मध्ये थांबून थांबून दिली, तर बऱ्याचदा जास्त परिणाम होतो. नवख्या माणसाला हे उलटं वाटतं. हवेइतका ऑक्सिजन मिळणाऱ्या, एकाच थरात पसरलेल्या डिशमधल्या पेशींवर मिळालेला झकास निकाल गाठीत का टिकत नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे.

ऑक्सिजनशिवाय चालणाऱ्या नव्या वाटा निघताहेत. जपानमध्ये २०२० मध्ये डोकं आणि मान यांच्या कर्करोगासाठी सेटुक्सिमॅब सॅरोटॅलोकॅन हे औषध मान्य झालं. त्यात कर्करोगाच्या पेशीवर जाऊन चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला एक रंग जोडलेला असतो. त्यामागचं मूळ काम अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांचं. ६९० नॅनोमीटरचा प्रकाश पडला की या रंगाच्या बाजूच्या जलप्रेमी शाखा तुटतात, उरलेला भाग पाण्याला नकोसा होऊन गोळा होतो, पटलावर ताण येतो, पाणी आत घुसतं आणि पेशी काही मिनिटांत फुटते. सुरुवातीला मी म्हटलं की मारतो तो ऑक्सिजन. ते इथे तितकंसं लागू नाही. दुसरी वाट प्रकाशाच्या बटणाची. २०१५ मध्ये अ‍ॅझोबेन्झीनचा, म्हणजे प्रकाशाने आकार बदलणारा, सांधा बसवलेले असे रेणू आले, जे निळसर प्रकाशात वाकून पेशीविभाजनाचे सूक्ष्मनलिकांचे दोर रोखतात आणि हिरव्या प्रकाशात पुन्हा सरळ होऊन गप्प बसतात. उजेडात ते अंधारातल्यापेक्षा सुमारे २५० पटीपर्यंत जहाल ठरले. पण निळसर प्रकाश शरीरात खोल जात नाही, त्यामुळे तूर्त ते आमच्यासारख्यांच्या टेबलावरचं हत्यार आहे.

घरात कोणाला हा उपचार सुचवला असेल तर एक व्यवहाराची गोष्ट सांगते. बाकी सूचना उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्याच पाळा. फोटोफ्रिनसारखं शिरेतून दिलेलं औषध त्वचेत निदान महिनाभर, कधी त्याहून जास्त राहतं. फ्रीडरिश मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टराने १९१२ मध्ये स्वतःला २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन (पॉर्फिरिनच्याच घराण्यातलं द्रव्य) टोचून घेतलं आणि नंतर कित्येक आठवडे उन्हात गेलं की त्याचं तोंड सुजत असे. नेहमीचं सनस्क्रीन इथे कामाचं नाही, कारण ते अतिनील किरण अडवतं आणि हे औषध जागं होतं दिसणाऱ्या प्रकाशाने. ऊन आणि प्रखर दिवे टाळायचे, अंग कपड्याने झाकायचं. पण घरात मिट्ट काळोख करून बसायचं नाही. खोलीतल्या साध्या उजेडात त्वचेतलं औषध थोडं थोडं विटत जातं आणि संवेदनशीलता लवकर उतरते. अंधारात ते तसंच साठून राहतं.